परराज्यातल्या विमा कंपनीची ठेव : कुणाच्या नावे, कुणाच्या हितासाठी?

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या परवाना, हिशेब आणि दावे या विभागांत काम करणाऱ्या वाचकांकडून वैधानिक ठेवींबद्दल, म्हणजे पॉलिसीधारकांच्या संरक्षणासाठी कायद्यानुसार राज्याकडे अडकवून ठेवाव्या लागणाऱ्या रोख्यांबद्दल, बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची गाठ एकाच ठिकाणी बसलेली दिसते. ठेव किती, याची चौकशी सगळे करतात. ती कुणाच्या हितासाठी आहे आणि कुणाच्या सहीशिवाय हलत नाही, हे मात्र कागद न पाहताच गृहीत धरले जाते. निवडक प्रश्न आणि उत्तरे पुढे देत आहोत. एका राज्याच्या दृष्टीने स्वतःच्या हद्दीत स्थापन झालेली कंपनी ‘डोमेस्टिक’, अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यातली ‘फॉरिन’ आणि दुसऱ्या देशातली ‘एलियन’. आम्ही त्यांना गृहराज्यातली, परराज्यातली आणि परदेशी असे म्हटले आहे.

प्रश्न : आमची मालमत्ता विमा कंपनी कनेटिकटमधली आहे. तीन नव्या राज्यांत परवाना हवा आहे. एक राज्य म्हणते, गृहराज्यातल्या ठेवीचे प्रमाणपत्र पुरे. दुसरे म्हणते, आमच्याकडे वेगळी ठेव ठेवा. तिसरे ठेवीचा विषयच काढत नाही. एकाच देशात असे का? (हार्टफर्ड)

उत्तर : कारण विम्याचे नियमन तिथे राज्यांकडे आहे आणि ते तसे राहण्यामागे ठेवीचाच एक जुना खटला आहे. व्हर्जिनियाने १८६६ मध्ये कायदा केला : परराज्यातल्या विमा कंपनीने भांडवलाच्या प्रमाणात ३० ते ५० हजार डॉलरचे रोखे राज्याच्या खजिनदाराकडे जमा करावेत, त्याशिवाय परवाना नाही. पीटर्सबर्गमधले एजंट सॅम्युअल पॉल न्यूयॉर्कच्या आगविमा कंपन्यांचे काम करत. कंपन्यांनी रोखे भरले नाहीत, परवाना मिळाला नाही, तरी पॉल यांनी पॉलिसी विकली. त्यांना ५० डॉलर दंड झाला. १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की विम्याची पॉलिसी विकणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून व्हर्जिनियाची अट वैध ठरली. १९४४ मध्ये न्यायालयाने ही भूमिका बदलली. पण लगेच १९४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियमन पुन्हा राज्यांच्या हाती दिले. म्हणून आजही प्रत्येक राज्याची ठेवीची कलमे वेगळी आहेत.

तुमच्या तीन राज्यांचे वेगळेपण समजायला ठेवीचे दोन प्रकार लक्षात घ्या. पहिली, सर्व पॉलिसीधारकांच्या हितासाठीची ठेव. ती बहुधा गृहराज्यात असते आणि कंपनी बुडाली तर देशभरातल्या पॉलिसीधारकांच्या कामी येते. दुसरी विशेष ठेव. ती एखाद्या राज्यातल्याच पॉलिसीधारकांसाठी किंवा एखाद्याच विमा प्रकारासाठी अडकवलेली असते. तुमचे पहिले राज्य पहिल्या प्रकारावर समाधान मानते, दुसऱ्याला दुसरा प्रकार हवा आहे. तिसऱ्या राज्याबद्दल मात्र निश्चिंत राहू नका. त्याच्या सर्वसाधारण कलमात ठेव नसेलही, पण तुमच्या विमा प्रकारासाठी वेगळ्या कलमात असू शकते. कामगार नुकसानभरपाई, जामीन-हमी आणि टायटल (मालमत्तेच्या मालकीहक्काचा) विमा हे प्रकार जिथे आहेत तिथे सगळा कायदा चाळून पाहा.

आणि एक. गृहराज्याचे प्रमाणपत्र चालेल असे सांगितले, तरी त्यावर ‘सर्व पॉलिसीधारकांच्या हितासाठी’ हा मजकूर स्पष्ट हवा. नुसते ‘पॉलिसीधारकांच्या हितासाठी’ लिहिलेले असेल तर ते गृहराज्यातलेच पॉलिसीधारक का, अशी शंका समोरचा अधिकारी काढणारच, आणि ती रास्त आहे.

प्रश्न : ठेव प्रत्यक्ष ठेवायची कशी? आमच्याकडे याआधी हे काम केलेले कुणी नाही. (डी मॉइन, आयोवा)

उत्तर : क्रम चुकला की अर्ज अडतो, म्हणून क्रमाने सांगतो.

सुरुवात कलमापासून करा. रक्कम दर्शनी किमतीने मोजायची, बाजारभावाने, की दोन्हींतली कमी ती धरायची, हे कलमातच असते. कोणते रोखे चालतात तेही तिथेच. अमेरिकन ट्रेझरीचे रोखे जवळपास सगळीकडे चालतात. त्या राज्याचे आणि तिथल्या नगरपालिकांचे रोखे बऱ्याच ठिकाणी चालतात, कंपन्यांचे रोखे मात्र कमी ठिकाणी. राज्याच्या विमा विभागात ठेवी सांभाळणारे जे टेबल असते त्याच्याशी एकदा बोलून घ्या. परवान्याचे टेबल आणि ठेवींचे टेबल बहुतेक राज्यांत वेगळे असते. काही राज्यांत तर ठेव विमा विभागाकडे नसतेच, ती राज्याच्या खजिनदाराकडे असते. फ्लोरिडात हे काम खजिन्याच्या अखत्यारीतल्या तारण व्यवस्थापन कार्यालयाकडे आहे.

मग संचालक मंडळाचा ठराव : ठेव किती, कोणत्या राज्याकडे, सह्या कुणाच्या. त्यानंतर कस्टोडियन, म्हणजे रोखे सांभाळणाऱ्या, बँकेशी कंपनी आणि राज्य यांचा त्रिपक्षीय करार, तोही राज्याच्या स्वतःच्या नमुन्यावर. बँकेच्या छापील करारावर काम उरकायचा प्रयत्न केला, तर तीन वाक्यांवर हमखास अडेल. बँकेच्या नमुन्यात थकलेल्या शुल्कापोटी खात्यातल्या रोख्यांवर बँकेचा धारणाधिकार (अडवून ठेवण्याचा हक्क) असतो, ठेवीच्या खात्यावर तो चालत नाही. बँक रोखे उसने देण्याच्या योजनेत घालते, ठेवीचे रोखे त्या योजनेतून लेखी वगळावे लागतात. आणि ‘ग्राहकाच्या सूचनेनुसार’ रोखे हलवण्याचे कलम असते. तिथे ‘आयुक्तांच्या लेखी आदेशाशिवाय नाही’ असे यावे लागते.

खात्याचे नाव अक्षर न् अक्षर तपासा. ‘अमुक राज्याचे विमा आयुक्त, तमुक विमा कंपनीच्या सर्व पॉलिसीधारकांच्या हितासाठी विश्वस्त’ अशा घडणीचे नाव हवे. ‘तमुक विमा कंपनी, अमुक राज्याचे ठेव खाते’ असे नाव पडले, तर कायद्याच्या नजरेत ते कंपनीचेच खाते राहते. ठेव झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

रोखा खरेदी करून त्या खात्यात वळवल्यावर बँक विभागाला पोच देते : रोख्याचा नऊ अक्षरी ओळख क्रमांक (क्युसिप), दर्शनी किंमत, व्याजदर, मुदत. त्या पोचेवरून विभाग शिक्क्यासह ठेवीचे प्रमाणपत्र देतो. हेच प्रमाणपत्र पुढे दुसऱ्या राज्यांच्या अर्जाला जोडायचे. राष्ट्रीय विमा आयुक्त संघटनेने, म्हणजे एनएआयसीने, परवान्यासाठी सर्व राज्यांचा मिळून एकसारखा अर्ज तयार केला आहे. त्यातला ठेवीच्या प्रमाणपत्राचा नमुना ठेव धरणाऱ्या अधिकाऱ्याने भरून सही करायची असते. कंपनीने तो स्वतः भरून बँकेचे स्टेटमेंट जोडणे ही नेहमीची चूक आहे. बँकेचे स्टेटमेंट रोखे कुठे आहेत ते सांगते. ते कुणासाठी अडकलेले आहेत, हे फक्त प्रमाणपत्रावरून कळते. प्रमाणपत्र ताजे हवे, दोन वर्षांपूर्वीचे चालणार नाही.

प्रश्न : आम्ही १,००,००० डॉलर दर्शनी किमतीची दहा वर्षांची ट्रेझरी नोट ठेवली होती. रोखा विकला नाही, हलवला नाही. तरी ठेव अपुरी असल्याचे पत्र आले. अमेरिकेच्या सरकारी रोख्यात कसली आली तूट? (न्यू जर्सी)

उत्तर : पैसे बुडण्याची भीती नाही. तूट बाजारभावाची आहे, आणि तुमच्या राज्याचे कलम बाजारभाव पाहते.

२०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हने आपला दर शून्य ते पाव टक्क्यावरून वर्षअखेर सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. व्याजदर चढले की जुन्या कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव उतरतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त उतरतो. समजा, तुमची नोट दीड टक्का व्याजाची आहे, नऊ वर्षे उरली आहेत आणि तशाच मुदतीच्या नव्या नोटेवर बाजारात चार टक्के मिळतात. तिचा भाव शंभराला सुमारे ८१ येतो. म्हणजे १,००,००० च्या रोख्याचे ८१,००० आणि तूट १९,००० डॉलरची. त्याच रोख्याने लाखाचा बाजारभाव गाठायचा तर दर्शनी १,२३,५०० डॉलर ठेवावे लागतील.

आता याच दीड टक्क्याच्या नोटेला एकच वर्ष उरले आहे असे धरा. भाव साडेसत्याण्णवच्या पुढेच राहतो आणि तूट अडीच हजारांच्या आत. म्हणून ठेवीसाठी लांब मुदतीचे रोखे घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते थोडे जास्त व्याज देतात खरे, पण लाख-दोन लाखांच्या ठेवीवरचा तो फरक एका तूटपत्राच्या धावपळीपुढे काहीच नाही. अगदी आखूड मुदतही गैरसोयीची, कारण दरवर्षी रोखा बदलायचे कागद करावे लागतात. तीन ते पाच वर्षांची मुदत आणि अटीपेक्षा दहा टक्के जास्त रक्कम हा मध्यम मार्ग बहुतेक कंपन्यांना मानवतो.

आणखी दोन प्रकारचे रोखे टाळा. मुदतीआधी परत घेता येणारे रोखे, कारण ते तुम्हाला न विचारता संपतात. आणि गृहकर्जांवर आधारलेले रोखे, कारण त्यांत व्याजाबरोबर मुद्दलही दरमहा परत येत राहते. मूळ आकडा कागदावर तोच दिसतो, उरलेले मुद्दल मात्र आटत जाते. कस्टोडियनच्या विवरणात ‘मूळ दर्शनी’ आणि ‘चालू दर्शनी’ असे दोन रकाने असतील तर चालू पाहा.

तूटपत्राला उत्तर म्हणून जुना रोखा बदलण्याच्या नादी लगेच लागू नका. आधी तुटीइतका जादा रोखा खात्यात घाला आणि पोच पाठवा. बदलाबदली सावकाश करता येते. तूट तशीच राहिली तर परवान्यालाच धोका असतो.

प्रश्न : ठेवीतला रोखा मुदत संपून मोकळा झाला. पैसे त्या खात्यात बिनव्याजी पडून आहेत आणि बँक हलवू देत नाही. (फिनिक्स)

उत्तर : बँक योग्य तेच करते आहे. रोख्याच्या जागी आलेली रोकडही ठेवच आहे आणि तिलाही आयुक्तांचा आदेश लागतो. आता नवा रोखा खात्यात घालून जुन्या रकमेच्या सुटकेची विनंती करा. किंवा करारात तशी सोय असेल तर त्याच रोकडीतून खात्यातच नवा रोखा घेण्याची परवानगी मागा. पुढच्या वेळी मुदतीच्या तीन महिने आधी कागद सुरू करा. नवा रोखा आत, मग जुना बाहेर, हा क्रम उलटा कधीच करू नये. ठेवीवरचे नियमित व्याज मात्र कंपनी सुस्थितीत असेपर्यंत कंपनीलाच मिळते. ते मिळत नसेल तर करारातले व्याजाचे कलम तपासा.

प्रश्न : मी पुण्यात बसून अमेरिकन कंपनीच्या वार्षिक विवरणपत्राचे काम करते. शेड्यूल ई च्या भाग ३ मध्ये ठेवींसाठी रकान्यांच्या दोन जोड्या आहेत. कोणती ठेव कुठे टाकायची? (पुणे)

उत्तर : पहिली जोडी ‘सर्व पॉलिसीधारकांच्या हितासाठीच्या ठेवी’, दुसरी ‘इतर सर्व विशेष ठेवी’. प्रत्येक जोडीत पुस्तकी किंमत आणि बाजारमूल्य. गृहराज्यातली ठेव पहिल्यात आणि परराज्यातल्या दुसऱ्यात, असा ढोबळ नियम लावून लोक मोकळे होतात आणि तिथेच चुकतात. परराज्यातली ठेवही सर्वांच्या हिताची असू शकते. गृहराज्यात एकाच विमा प्रकारापुरती ठेव असू शकते. निर्णय राज्यावरून करू नका, प्रमाणपत्रावरच्या मजकुरावरून करा. प्रत्येक ठेवीचे प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये नसेल तर परवाना विभागाकडून मागवून घ्या. अंदाजाने रकाना भरू नका.

हे एवढे महत्त्वाचे का? विशेष ठेवीतला पैसा कंपनीचा असला तरी इतर पॉलिसीधारकांना तो सहज उपलब्ध नाही. म्हणून गृहराज्याचे परीक्षक तो किती आणि कुठे अडकला आहे ते पाहतात. विशेष ठेव त्या राज्यातल्या देण्यांपेक्षा बरीच जास्त असेल तर वरची रक्कम भक्कम मालमत्ता म्हणून धरायची का, असा प्रश्न येतो. विवरणपत्राच्या टिपांमध्ये बंधनाखालच्या मालमत्तेचा तक्ता असतो, तिथले ठेवीचे आकडे शेड्यूल ई शी जुळले पाहिजेत. रोख्यांच्या शेड्यूल डी मध्येही त्या रोख्यापुढे विशेष ठेवीची खूण हवी.

१ मार्चला विवरणपत्र द्यायचे असते. त्यामुळे तीन याद्यांचा ताळमेळ जानेवारीतच घाला : बँकेचे ३१ डिसेंबरचे विवरण, विभागांची प्रमाणपत्रे आणि तुमचे हिशेबखाते. फरक बहुतेक वेळा वर्षात बदललेल्या रोख्याचा निघतो. नवा आत गेला, जुना सुटला, पण कुणीतरी हिशेबात खूण जुन्यावरच ठेवली.

प्रश्न : आमच्या ओहायोच्या कंपनीला एका राज्याने त्याच्या कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त ठेव मागितली. हा अन्याय नाही का? (कोलंबस)

उत्तर : ‘जशास तसे’ कलम लागले असण्याची शक्यता मोठी आहे. कर, शुल्क आणि ठेव मिळून तुमचे गृहराज्य त्यांच्या कंपन्यांवर जेवढा बोजा टाकते, तेवढाच ते तुमच्यावर टाकतात. अशा जशास तसे करआकारणीला सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खटल्यात मान्यता दिली आहे. विभागाला तुलनेचा तक्ता लेखी मागा. तुमच्या राज्याचे जुने, रद्द झालेले कलम धरून हिशेब केलेला असेल तर तो दुरुस्त करून मिळतो. पण ते कलम दाखवायचे काम तुम्हालाच करावे लागेल.

प्रश्न : अमेरिकेबाहेरच्या विमा कंपनीला तिथे धंदा करायचा असेल तर ठेव किती आणि कुठे? (लंडन)

उत्तर : आधी मार्ग ठरवा, मग ठेवीचा प्रश्न येतो. मार्ग तीन आहेत.

पहिला, शाखा उघडणे. परदेशी कंपनी एका राज्याला प्रवेशराज्य करते आणि तिथून इतर राज्यांत परवाने मागते. प्रत्येक राज्य हे काम स्वीकारत नाही. न्यूयॉर्क आणि मिशिगन यांना याचा जुना अनुभव आहे. प्रवेशराज्यात वैधानिक ठेव लागतेच, पण खरा भार विश्वस्त मालमत्तेचा असतो. शाखेच्या अमेरिकेतल्या देण्यांएवढी आणि त्यावर राज्याने ठरवलेल्या अधिशेषाएवढी (देण्यांपेक्षा जादा) मालमत्ता अमेरिकेतल्या विश्वस्ताकडे, अमेरिकन पॉलिसीधारकांच्या हितासाठी ठेवावी लागते. म्हणजे धंदा वाढला की ठेवही वाढते. मूळ देशातला ताळेबंद कितीही तगडा असला, तरी शाखेची परीक्षा अमेरिकेत पडलेल्या पैशांवर होते. शाखेचे विवरणपत्रही वेगळे असते.

दुसरा, अमेरिकेत उपकंपनी काढणे किंवा परवाने असलेली कंपनी विकत घेणे. मग ती कायद्याने एका राज्यातली कंपनी होते आणि तिला परराज्यातल्या कंपनीचेच नियम लागतात. विकत घेताना मतदानाच्या १० टक्के किंवा अधिक समभागांवर नियंत्रण गृहीत धरले जाते, म्हणून गृहराज्याच्या आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. इथली एक बारीक गोष्ट : परवान्यांबरोबर जुन्या ठेवीही येतात, पण कंपनीचे नाव बदलल्यावर ठेवीच्या खात्यांची नावे आपोआप बदलत नाहीत. खरेदीआधी प्रत्येक राज्याचे प्रमाणपत्र मागवा आणि नाव बदलाल तेव्हा प्रत्येक खात्याचे करार नव्याने करून घ्या. वर्षानुवर्षे जुन्या नावावर पडलेली ठेव सोडवताना त्या नावाने सही करणारे कुणी उरलेले नसते.

तिसरा, परवाना न घेता सरप्लस लाइन्स बाजारात, म्हणजे परवानाधारक कंपन्या जी जोखीम घेत नाहीत तिथे विमा देणे. एनएआयसी परदेशी विमा कंपन्यांची यादी दर तिमाहीला काढते. त्या यादीतल्या कंपनीला कोणतेही राज्य या बाजारातून रोखू शकत नाही, असे २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ठरवले आणि ते २१ जुलै २०११ पासून लागू झाले. त्यामुळे राज्यागणिक ठेव उरत नाही. पण यादीत येण्यासाठी अमेरिकन बँकेत ट्रस्ट फंड लागतो आणि त्याची रक्कम अमेरिकेतल्या देण्यांप्रमाणे चढते. अमेरिकेतल्याच कंपनीला परवान्याशिवाय या बाजारात यायचे असेल, तर भांडवल आणि अधिशेष दीड कोटी डॉलर किंवा विमा घेणाऱ्याच्या राज्याची किमान अट, यांत जे जास्त ते हवे.

आमचा कल सांगायचा तर, धंदा एकाच प्रकारच्या मोठ्या जोखमींचा असेल तर तिसरा मार्ग. सर्वसामान्य ग्राहकांचा असेल तर उपकंपनी. नव्याने शाखा उघडण्याला आज सबळ कारण लागते.

प्रश्न : आमची कंपनी युरोपातल्या पुनर्विमा कंपनीकडे, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीकडे, जोखीम देते. ती कंपनी आता तारण देणार नाही म्हणते. चालेल? (शिकागो)

उत्तर : चालू शकेल, पण तिच्या शब्दावर नव्हे.

पूर्वी परवाना नसलेल्या परदेशी पुनर्विमा कंपनीला दिलेल्या दायित्वाचे १०० टक्के तारण द्यावे लागे, नाही तर तुमच्या ताळेबंदात त्या पुनर्विम्याचे श्रेय धरता येत नसे. एनएआयसीने २०११ मध्ये राज्यांसाठीचा आदर्श कायदा, म्हणजे राज्यांनी स्वीकारायचा नमुना कायदा, बदलून प्रमाणित कंपन्यांसाठी पायऱ्या केल्या : सर्वांत वरच्या श्रेणीला तारण शून्य, मग १०, २०, ५० आणि ७५ टक्के, आणि सहाव्या, कमकुवत श्रेणीला पूर्ण १००. म्हणजे २ कोटी डॉलरचे दायित्व तिसऱ्या श्रेणीच्या कंपनीला दिले तर ४० लाखांचे तारण. पुढे अमेरिकेने युरोपीय संघाशी २०१७ मध्ये आणि ब्रिटनशी २०१८ मध्ये करार केले. त्यांनुसार या प्रदेशांतल्या पात्र कंपन्यांना तारणाची अट राहिली नाही. पात्रतेसाठी किमान २५ कोटी डॉलरचे भांडवल आणि अधिशेष, ठरलेले सॉल्व्हन्सी (देणी फेडण्याच्या क्षमतेचे) गुणोत्तर आणि दावे वेळेवर चुकवण्याचा इतिहास लागतो.

तुमच्या राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत त्या कंपनीचे नाव आहे का, ते पाहा. शून्य तारणाची सवलत नव्या, सुधारलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या करारांना आणि त्यानंतरच्या नुकसानींना आहे. म्हणून जुन्या करारांचे तारण सोडू नका, नेमकी मागणी तीच येते. जिथे तारण लेटर ऑफ क्रेडिटचे (बँकेच्या लेखी हमीचे) आहे तिथे ते बिनशर्त, अपरिवर्तनीय आणि आपोआप नूतनीकरण होणारे हवे. नूतनीकरण न करण्याची सूचना किमान ३० दिवस आधी देण्याची अट त्यात हवी. ती सूचना ज्या पत्त्यावर येणार तो पत्ता चालू आहे ना, हेही पाहा.

प्रश्न : कॅलिफोर्नियात कामगार नुकसानभरपाईचा विमा देताना ठेव दरवर्षी बदलते असे कळले. मग किती राखून ठेवायची? (सॅन होजे)

उत्तर : तिथली ठेव ठरावीक आकड्याची नाही. कॅलिफोर्नियातल्या कामगार दाव्यांसाठी तुम्ही धरलेल्या देण्यांशी ती बांधलेली आहे. दुखापतग्रस्त कामगाराची भरपाई कित्येक वर्षे चालते, तेवढा काळ पैसा हाताशी असावा, हा हेतू. पुनर्विम्याची वजावट सरसकट मिळत नाही, पुनर्विमा कंपनीलाही अटी आहेत. धंदा वाढत असताना ठेव हप्त्यांच्या मागोमाग चढते. आणि धंदा बंद केल्यावरही जुने दावे मिटेपर्यंत उतरत नाही. म्हणून विक्री विभागाचा पुढच्या वर्षाचा अंदाज गुंतवणूक विभागाकडे वेळेवर गेला पाहिजे.

प्रश्न : कंपनी बुडाली तर पॉलिसीधारकाला ठेवीतून पैसे मिळतात का? लाखभर डॉलर कुणाला पुरणार? (डॅलस)

उत्तर : एकट्या ठेवीने पुरत नाहीत, हे खरे. पॉलिसीधारकाला आधी आधार मिळतो तो राज्याच्या गॅरंटी असोसिएशनचा, म्हणजे बुडालेल्या कंपनीचे दावे मर्यादेपर्यंत चुकवणाऱ्या संस्थेचा. आयुर्विम्याच्या मृत्युलाभासाठी आदर्श कायद्यातली मर्यादा ३ लाख डॉलर आहे. सरप्लस लाइन्सच्या पॉलिसींना बहुतेक राज्यांत हे संरक्षण नाही, हे लक्षात ठेवा.

विशेष ठेव ज्या गटासाठी आहे त्या गटाला तिच्यावर पहिला हक्क असतो. मात्र तो दुहेरी फायदा नसतो. समजा, एका राज्यातल्या दावेदारांना विशेष ठेवीतून ४० टक्के मिळाले. उरलेल्या ६० टक्क्यांसाठी ते गृहराज्यातल्या सर्वसाधारण मालमत्तेत वाटा मागू शकतात. पण इतर राज्यांतल्या त्याच दर्जाच्या दावेदारांना ४० टक्के मिळेपर्यंत त्यांना थांबावे लागते, मग सगळे बरोबरीने. बुडालेल्या विमा कंपनीची मालमत्ता वाटण्याच्या जुन्या एकसमान अवसायन कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे आणि ते न्याय्य आहे. नाही तर मोठी ठेव मागणाऱ्या राज्यातले लोक तरले असते आणि शेजारच्या राज्यातले बुडाले असते. सर्वांच्या हितासाठीची एकच ठेव बरी, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. राज्यागणिक पैसा कप्प्यांत वाटला की संकटात तो गरज असेल तिथे नेता येत नाही.

प्रश्न : आम्ही एका राज्यातून बाहेर पडलो, परवानाही परत दिला. ठेव परत येत नाही. (मिनियापोलिस)

उत्तर : परवाना परत केल्याने ठेव सुटत नाही, देणी संपल्यावर सुटते. विभागाला चार गोष्टी दाखवाव्या लागतात : चालू पॉलिसी उरलेल्या नाहीत, दावे मिटले आहेत किंवा दुसऱ्या परवानाधारक कंपनीने ते मंजूर कराराने पत्करले आहेत, खटले प्रलंबित नाहीत, कर आणि शुल्क चुकते झाले आहे. यावर अधिकाऱ्यांचे शपथपत्र लागते, आणि काही राज्ये वर्तमानपत्रात सूचना मागतात.

‘दावे शून्य’ असे लिहिण्यापूर्वी कळवले न गेलेले दावे मोजले आहेत का, ते तुमच्या अॅक्चुअरीला, म्हणजे देण्यांचा अंदाज काढणाऱ्या विमा-गणितज्ञाला, विचारा. दायित्व विमा आणि कामगार भरपाई यांत घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी दावा येतो, त्यामुळे विभाग पटकन सोडत नाही. अशा वेळी पूर्ण सुटकेऐवजी उरलेल्या देण्यांपेक्षा जास्त असलेली रक्कम सोडण्याचा अर्ज करा, तो लवकर मंजूर होतो. मंजुरीचा आदेश विभागाकडून थेट कस्टोडियन बँकेला जातो. बँकेकडे अधिकृत सह्यांची यादी जुनी असेल तर आदेश पडून राहतो. म्हणून अर्ज करतानाच बँकेला विचारून ती यादी अद्ययावत करून घ्या.